कासव खरंच ३०० वर्षं जगतं का? आणि 'वीस नखी' कासवाची भानगड काय आहे?

कासवाबद्दल दोन गोष्टी आपल्याकडे हमखास ऐकायला मिळतात. एक, ते तीनशे वर्षं जगतं. दुसरी, वीस नखांचं कासव हाती लागलं की पैशांचा पाऊस पडतो. पहिली फार तर अर्धी खरी आहे. दुसरी साफ खोटी, तरी तिच्यापायी राज्यात कासवं पकडली आणि विकली जातात.

आधी वयाचं बघू

सर्वाधिक वयाचं कासव म्हणून जोनाथनचं नाव घेतलं जातं. १८८२ मध्ये त्याला सेशेल्समधून सेंट हेलेना बेटावर आणलं, तेव्हाच तो पूर्ण वाढलेला होता. त्यावरून त्याचा जन्म १८३२ च्या आसपासचा धरतात. कोलकात्याच्या अलीपूर प्राणीसंग्रहालयातलं 'अद्वैत' कासव २००६ मध्ये मेलं, तेव्हा त्याचं वय अडीचशे सांगितलं गेलं, पण ते सिद्ध झालेलं नाही. म्हणजे तीनशेचा पक्का पुरावा कासवाकडे नाही. तो मान समुद्रातल्या जीवांचा: ग्रीनलंड शार्क किमान २७२ वर्षं जगतो असं २०१६ च्या संशोधनात दिसलं आणि आइसलंडजवळ सापडलेला एक शिंपला ५०७ वर्षांचा निघाला.

हे विक्रमी कासव जमिनीवरचं, अवाढव्य जातीचं. बुलढाण्यासारख्या जिल्ह्यात तळ्यात, नदीत, धरणाच्या कडेला दिसतं ते बहुधा मऊ पाठीचं पाणकासव. त्याचं आयुष्य दशकांत मोजायचं, शतकांत नाही.

तरी कासवं म्हातारी होतात फार हळू, हे खरं. २०२२ मध्ये प्राणीसंग्रहालयांतल्या ५२ जातींच्या नोंदी तपासल्या, तेव्हा सुमारे ७५ टक्के जातींत वयानुसार मृत्यूचा धोका अगदी हळू वाढत होता किंवा वाढतच नव्हता. टणक कवच आणि संथ चालणारं शरीर ही त्यामागची कारणं मानली जातात. कवच असलं की शत्रूच्या तोंडी लवकर जाण्याची भीती कमी, त्यामुळे सावकाश जगणं परवडतं.

मग नखांचं काय?

मोजून बघण्यासारखी गोष्ट आहे. मऊ पाठीच्या कासवाच्या प्रत्येक पायाला तीनच नखं असतात, एकूण बारा. पाठीवर चांदण्यांची नक्षी असलेल्या स्टार कासवाच्या पुढच्या पायांना पाच-पाच, मागच्यांना चार-चार, म्हणजे अठरा. वीस नखं म्हणजे फार तर शरीरातला फरक, जसं एखाद्या माणसाला सहावं बोट असतं. त्यात पैसा कुठून येणार?

पण शिक्षा खरी असते. ही दोन्ही कासवं वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ मध्ये आहेत. पकडणं, पाळणं, विकणं यासाठी ३ ते ७ वर्षं कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड होऊ शकतो.

एक कासव गेलं तर काय बिघडतं?

बहुतेक कासवांची पिल्लं मोठी होण्याआधीच मोठ्या संख्येने मरतात. कोकण किनाऱ्यावर अंडी घालणाऱ्या ऑलिव्ह रिडलेबाबत तर हजारात एखादंच पिल्लू वाचतं असं म्हणतात. वंश टिकतो तो जगलेली मादी वर्षानुवर्षं अंडी घालत राहते म्हणून. पोत्यात भरून नेलं जातं ते नेमकं हेच मोठं कासव.

विहिरीत कासव सोडायची पद्धतही इथे आठवायला हवी. पाणी स्वच्छ राहतं म्हणून लोक सोडतात, हेतू वाईट नसतो. पण त्याला ऊन खायला कडा लागते, अंडी घालायला माती लागते. बांधीव विहिरीत दोन्ही नसतं. ते तिथे कदाचित बरीच वर्षं जगेल, पण त्याचा वंश तिथेच थांबला.

आणखी एक बाब बुलढाण्याच्या उन्हाळ्याशी जोडलेली आहे. पाणी आटलं की मऊ पाठीचं कासव चिखलात स्वतःला गाडून घेऊन पावसाची वाट बघतं. नेमक्या त्याच दिवसांत तलावांतला गाळ काढला जातो. दुष्काळी जिल्ह्याला त्या कामाची गरज आहे, त्याबद्दल वाद नाही. फक्त गाळात कासव दिसलं तर जेसीबीवाल्याला दोन मिनिटं थांबवा आणि वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर फोन करा. घरी मात्र नेऊ नका, अगदी जीव वाचवायला म्हणूनही.