उत्पन्नाचा दाखला आणि आपली पोरं

सवाल साधा आहे. सरकार लेकरांसाठी काही ना काही देतं. फी, वह्यापुस्तकं, गणवेश, खिचडी, बाळंतिणीला चार पैसे. हे सगळ्यांच्या लेकरांना द्यायचं, का बापाचं उत्पन्न बघून? आपल्या बैठकांत यावर हमखास दोन तट पडतात. एकजण म्हणतो, बागाईतदाराच्या पोराला कशाला? दुसरा म्हणतो, सरसकट देऊन टाका, कटकट मिटली. दोघंही तावातावानं बोलतात आणि दोघंही मागं वळून बघत नाहीत. मागं बरंच काही पडलेलं आहे. तेच इथं मांडतो.

१८८२ साली हंटर कमिशनपुढं जोतिरावांनी दोन मागण्या एकदम ठेवल्या. निदान बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, ही एक. ज्या जातींत शिक्षण पोचलंच नाही त्यांच्या पोरांना शिष्यवृत्त्या द्या, ही दुसरी. पहिली सगळ्यांसाठी, दुसरी काहींसाठी. जोतिरावांना यात विरोध दिसला नाही, कारण विरोध नव्हताच. सारा शेतकरी भरतो आणि शाळा-कॉलेजं भटा-कारकुनांची, हे त्यांचं मूळ दुखणं. कोणाचं घर किती गरीब हे मोजायला ते बसले नाहीत. कोणती जात शाळेबाहेर आहे, एवढं त्यांनी विचारलं.

शाहू महाराजांनी करवीर संस्थानात १९१७ साली प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. पोराला शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड. दाखला नाही, चौकशी नाही. पण इथं एक गोष्ट नीट बघा. सगळ्यांना शाळा मोफत म्हटलं तरी आपली पोरं वेगळ्या शाळेत, नाहीतर पडवीत बसत होती. म्हणून १९१९ साली महाराजांना अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करण्याचा हुकूम वेगळा काढावा लागला. म्हणजे ‘सगळ्यांना’ हा शब्द एकटा आपल्या वस्तीपर्यंत चालत येत नाही. त्याला कोणीतरी हाताला धरून आणावं लागतं.

हेच बाबासाहेबांनी १२ मार्च १९२७ ला मुंबईच्या कायदे कौन्सिलात शिक्षणाच्या खर्चावर बोलताना मांडलं. महाडचा सत्याग्रह त्यानंतर आठच दिवसांनी. त्यांचं म्हणणं असं की शिक्षण खालच्या थरांना परवडेल इतकं स्वस्त करणं हे सरकारचं काम आहे. आणि समाज एका पातळीवर नसताना सगळ्यांना सारखं वागवलं तर विषमता जशीच्या तशी राहते, म्हणून मागं राहिलेल्यांना जादा द्यावं लागतं. आता काही मंडळी या भाषणाचा आधार घेऊन सांगतात, बघा, बाबासाहेबसुद्धा निवडक लोकांनाच द्या म्हणत होते, मग उत्पन्नाची अट काय वाईट? ही लबाडी आहे. बाबासाहेब ज्या पातळीबद्दल बोलत होते ती जातीची पातळी. तलाठ्याच्या दाखल्यातली नव्हे. आणि ते जादा द्या म्हणत होते, कोणाचं काढून घ्या असं म्हणत नव्हते.

पुढच्याच वर्षी, २८ जुलै १९२८ ला, त्याच कौन्सिलात बाळंतपणाच्या रजेचं आणि भत्त्याचं बिल आलं. बाबासाहेब पाठिंब्याला उभे राहिले. आईला बाळंतपणाच्या आधी आणि नंतर विसावा मिळणं हे राष्ट्राच्या हिताचं आहे, म्हणून त्याचा भार मोठ्या प्रमाणावर सरकारनं सोसायला पाहिजे. पण जोवर सरकार तो उचलत नाही तोवर मालकाला सुटका नाही, ही त्यांची भूमिका. १९२९ ला मुंबईचा कायदा झाला. तो कारखान्यातल्या बाईपुरता. शेतात भांगलणारी, रस्त्यावर खडी फोडणारी आपली आई त्यात बसली नाही. पण जिला तो लागू होता तिला नवऱ्याची कमाई किती, असं कोणी विचारलं नाही.

मग १९४२. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कौन्सिलात मजूरमंत्री. अनुसूचित जातींच्या गाऱ्हाण्यांचं निवेदन त्यांनी २९ ऑक्टोबरला लिनलिथगोंना दिलं, त्यात उच्च शिक्षणासाठी पैसा मागितला. त्यातून १९४४ ला मॅट्रिकनंतरची शिष्यवृत्ती निघाली. आपण जिला ‘जीओआय’ म्हणतो ती हीच. आपल्यातले किती मास्तर, कारकून, वकील, लेखक तिच्यावर वाढले याची मोजदाद नाही.

आणि २३ नोव्हेंबर १९४८, घटना समिती. चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांना मोफत आणि सक्तीचं शिक्षण, या कलमावर चर्चा. एका सभासदाची सूचना, फक्त ‘प्राथमिक’ म्हणा. बाबासाहेबांनी ती धुडकावली. चौदा वर्षांखालच्या पोराला कारखान्यात घालायला घटनाच बंदी करते, मग त्या वयापर्यंत ते पोर कुठंतरी शाळेतच असलं पाहिजे, हा त्यांचा हिशेब. प्रत्येक पोर. गरीब पोर असं नाही.

एवढा इतिहास सांगितला तो यासाठी की यात उत्पन्नाची अट कुठंच पाया म्हणून येत नाही. सगळ्यांना, आणि त्यावर जातीनं मागं ठेवलेल्यांना जादा, अशी ही रचना आहे. उत्पन्नाचा दाखला राज्यात रुजला तो ई.बी.सी.च्या सवलतीबरोबर, यशवंतराव चव्हाणांच्या काळात. त्या सवलतीनं बहुजन पोरं कॉलेजात गेली, हे नाकारायचं कारण नाही. पण त्या दाखल्याचा स्वभाव ओळखा. तो कागदावरचं उत्पन्न मोजतो. शेतीचं उत्पन्न तलाठ्याच्या अंदाजावर, धंद्याचं ज्याच्या त्याच्या तोंडावर, आणि झाडूवाल्याचं? त्याच्या पगारपत्रकावर. एक पैसा लपत नाही.

जीओआयची मर्यादा २०१३ ला अडीच लाख झाली. २०२१ ला योजना नव्यानं आखली तेव्हाही अडीचच लाख. म्हणजे महिन्याला एकवीस हजारसुद्धा नाहीत. नगरपालिकेत गटारं काढणाऱ्या कायम कामगाराचा पगार याच्या वर गेला की त्याची पोरगी निर्वाहभत्त्याला मुकली. तिला फीमाफी मागता येते, पण खोलीचं भाडं आणि खाणावळ बापाच्या खिशातून. बाप मेला तर गटारात मरणार, पण कागदावर तो सुखवस्तू. आणि २०१९ ला सवर्णांतल्या दुर्बलांसाठी जी रेघ ओढली ती आठ लाखांची! एकाच सरकारच्या दप्तरात गरिबीची दोन मापं. आपल्यासाठी छोटं माप, त्यांच्यासाठी मोठं. दोस्तहो, हे मोर्च्यात विचारा.

सरकारला हे कळत नाही असं नाही. अस्वच्छ धंदे करणाऱ्यांच्या मुलांना मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती १९७७-७८ साली निघाली, तिला उत्पन्नाची अट नाही. तिथं धंदा हेच माप. तरी तिथंही पोराला कागद आणावा लागतोच, माझा बाप घाण उपसतो, असा. तो कागद मास्तरच्या टेबलावर ठेवताना पोराला काय वाटतं, ते जी.आर. लिहिणाऱ्याला विचारावंसं वाटत नाही.

गणवेशाचंच घ्या. जिल्हा परिषदेच्या शाळांत समग्र शिक्षाच्या पैशातून गणवेश मिळायचा तो सगळ्या मुलींना आणि मुलांपैकी अनुसूचित जाती-जमातीच्या नि दारिद्र्यरेषेखालच्या मुलांना. बाकीची पोरं घरच्या कपड्यात. म्हणजे नवा गणवेश हाच जातीचा बिल्ला. माझ्या शाळेत गुरुजी यादी घेऊन यायचे, ‘बी.सी.ची पोरं उभी राहा’ म्हणायचे, आणि मागच्या बाकावरून हळूच यायचं, सरकारचे जावई. २०२३ ला राज्यानं उरलेल्या मुलांनाही गणवेश दिला. आपल्यातले काहीजण कुरकुरले की आपला वाटा पातळ झाला. मला तसं वाटत नाही. पैसेवाल्यांची पोरं तर कधीच इंग्रजी शाळांच्या पिवळ्या बसमध्ये चढली. झेडपीच्या शाळेत आज जो बसलाय त्याला वेगळा दाखला कशाला?

खिचडीचा धडा याहून मोठा. १९९५ ला योजना आली तेव्हा पोरांच्या हातात महिन्याचा कोरडा तांदूळ पडायचा. २८ नोव्हेंबर २००१ ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं, सरकारी आणि अनुदानित प्राथमिक शाळेतल्या प्रत्येक पोराला शिजवलेलं अन्न द्या. उत्पन्न बघू नका. पण सगळी पोरं एका पंगतीला बसायची म्हटल्यावर गावाची खरी जात बाहेर आली. आपल्या बाईनं शिजवलेलं आमची पोरं खाणार नाहीत, अशी बोंब देशात ठिकठिकाणी उठली. म्हणून २० एप्रिल २००४ ला कोर्टाला आणखी सांगावं लागलं, स्वयंपाकाच्या कामावर दलित-आदिवासींना अग्रक्रम द्या. ताट सगळ्यांना, पळी आपल्या हातात. जोतिरावांच्या दोन मागण्या इथं पुन्हा जोडीनं आल्या.

आणि रेशनचं उलटं झालं. १९९७ पर्यंत रेशन सगळ्यांचं होतं. मग ‘लक्ष्य’ ठरलं, आणि १९९९ ला राज्यात पिवळं, केशरी, पांढरं अशी कार्डं आली. झोपडपट्टीत राहून केशरी कार्ड असलेली घरं तुम्हीही पाहिली असतील, मी शेकड्यानं पाहिली. आणि पांढरी कार्डवाली बोलकी माणसं बाहेर पडल्यावर दुकानातला किडका गहू बघून आरडाओरड करायला कोणी उरलं नाही.

कोणी म्हणेल, आपल्याकडं कागदच खोटे, म्हणून हे घडतं. विलायतेत कागद पक्के असतात ना? तिथं १९३१ च्या मंदीत बेकारभत्त्याला घरभराच्या कमाईची चौकशी लावली. इन्स्पेक्टर घरात शिरून सामान बघायचा, कमावत्या पोराची मजुरी बापाच्या भत्त्यातून वजा. कामगारांनी तो अपमान विसरला नाही. १९४५ ला मुलांच्या भत्त्याचा कायदा झाला तेव्हा तो उत्पन्न न बघता दिला, दुसऱ्या मुलापासून आठवड्याला पाच शिलिंग. आणि एलेनॉर रॅथबोन या बाईनं भांडून तो आईच्या हातात देववला. पुढं २०१३ ला पन्नास हजार पौंडांवरच्यांकडून तो कराच्या वाटेनं परत घ्यायला सुरुवात झाली. तर काय झालं? एकटा माणूस साठ हजार कमावतो, त्याचा भत्ता गेला. शेजारच्या घरात नवराबायको प्रत्येकी एकोणपन्नास हजार कमावतात, त्यांचा शाबूत. २०२४ ला रेघ साठ हजारांवर सरकवली, वाकडी ती वाकडीच.

परत बाळंतिणीकडं येतो, कारण तिथं लढाई चालू आहे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानं प्रत्येक गरोदर आणि स्तनदा मातेला निदान सहा हजार रुपये कबूल केले. सरकारी नोकरीतल्या आणि दुसऱ्या कायद्यानं असाच लाभ मिळणाऱ्या बायका तेवढ्या वगळल्या. २०१७ ला योजना आली ती पाच हजारांची, आणि फक्त पहिल्या अपत्याला. २०२२ ला दुसरी मुलगी झाली तर तिचे सहा हजार धरले, पण सोबत पात्रतेची यादी आली : जातीचा दाखला, नाहीतर रेशनकार्ड, जॉबकार्ड, नाहीतर आठ लाखांच्या आतलं उत्पन्न. दुसरा मुलगा झाला तर काही नाही. कायद्यातली ‘प्रत्येक’ आई योजनेत येईपर्यंत अशी झिजली. वस्तीतल्या दुसऱ्या-तिसऱ्या बाळंतपणाच्या बायकांची नावं गोळा करा. कायद्याचं चौथं कलम हातात घ्या आणि तहसीलवर जा. तिथं पहिला प्रश्न येईल, उत्पन्नाचा दाखला आणलाय का. त्या कलमात तो शब्द कुठं आहे, एवढं दाखवा म्हणावं.