हुकुमामागचा हिशेब

कोल्हापूर संस्थानच्या गॅझेटात २६ जुलै १९०२ रोजी निघालेला हुकूम आरक्षणाचा आरंभ म्हणून सर्वांना ठाऊक आहे. रिकाम्या होणाऱ्या निम्म्या जागा मागासवर्गीयांतून भराव्यात, एवढेच त्यातले आपण सांगतो. नव्या नेमणुकांचा तिमाही तक्ता प्रत्येक खातेप्रमुखाने सादर करावा, ही त्याच हुकुमातली तरतूद मात्र सहसा कोणी सांगत नाही. शाहू छत्रपतींच्या नेतृत्वाचे मर्म मला या रुक्ष तरतुदीत दिसते. न्यायाची चाड असणारे राजे पुष्कळ झाले, पण आपला न्याय कारकुनाच्या टेबलापर्यंत पोचतो की नाही हे पाहण्याची चिकाटी फार थोड्यांकडे होती. हुकूम निघाला तेव्हा महाराज स्वतः इंग्लंडात होते, म्हणजे तो चालायला राजाची रोजची नजर पुरेशी ठरणार नव्हती. १८९४ मध्ये त्यांनी कारभार हाती घेतला तेव्हा सामान्य प्रशासनातल्या ७१ पैकी ६० जागांवर ब्राह्मण अधिकारी होते. १९१२ मध्ये हे प्रमाण ९५ पैकी ३५ वर आले.

संस्थानिकाला हे सोपेच होते, पाठीशी इंग्रज आणि समोर निवडणूक नाही, असे कोणी म्हणेल. पण तीच सत्ता हिंदुस्थानातल्या शेकडो संस्थानिकांकडे होती आणि बहुतेकांनी ती शिकारीत आणि दरबारी थाटात घालवली. शिवाय नुसत्या सत्तेने काय होते, याचा अनुभव शाहूंनी आधीच घेतला होता. १८९६ मध्ये त्यांनी सर्व जातींच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढले, आणि व्यवस्था ज्यांच्या हाती होती त्यांच्याच जातीची मुले तिथे उरली. इच्छा शुद्ध होती, अधिकार पूर्ण होता, तरी फळ उलटे आले. त्यानंतर १९०१ मध्ये मराठा आणि जैन, पुढे लिंगायत आणि मुस्लिम, १९०८ मध्ये अस्पृश्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग, अशी वसतिगृहे उभी राहिली. जातवार बोर्डिंगांनी जातच पक्की केली, हा आक्षेप मला निराधार वाटत नाही. तरीही दार सर्वांना उघडे आहे असे म्हणून भागत नाही, हे कळल्यावर मूल शहरात टिकवण्याचा त्या काळी चालणारा मार्ग त्यांनी निवडला. शिकलेली मुलेच नसती, तर निम्म्या जागांचा हुकूम कागदावर राहिला असता.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. धार्मिक विधी वेदमंत्रांनी करण्यावरून झालेल्या वेदोक्त प्रकरणात राजोपाध्यांनी त्यांना शूद्र ठरवले, त्या अपमानातून हे सारे निघाले, असे सांगितले जाते. अपमान खरा होता, त्याचा राग खोल होता. टिळकांनी ‘केसरी’तून विरोधी बाजू घेतल्याने तो चिघळलाही. या संघर्षात शाहू इंग्रजांच्या आधारावर विसंबले आणि राष्ट्रीय चळवळीपासून दुरावले, हे झाकण्यात अर्थ नाही. पण वैयक्तिक रागाची मागणी क्षत्रियत्व मान्य होताच पुरी व्हायला हवी होती. शाहू तिथे थांबले नाहीत. १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे झाले, १९१८ मध्ये महार वतने रद्द झाली, १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्यांची मुले सरकारी शाळांत घेण्याचा हुकूम निघाला. मराठा म्हणून त्यांचा यात काहीच लाभ नव्हता. उलट त्यांच्याच जातीतल्या अनेकांना हे रुचणारे नव्हते.

इथे स्वभावाचे मोल कळते. हौदाला शिवल्याबद्दल मार खाल्लेल्या अस्पृश्य समाजातल्या गंगाराम कांबळेंना त्यांनी चहाचे दुकान काढायला मदत केली आणि स्वतः तिथे चहा घेऊ लागले. कायद्याने शाळेचे दार उघडता येते, शेजारच्या बाकावरची घृणा कायद्याने जात नाही. छत्रपती तो चहा पितो हे भर कोल्हापुरात दिसल्यावर दरबारातल्या मानकऱ्यांना पळवाट उरली नाही. रांगडेपणा, कुस्तीची आवड, सामान्यांशी मोकळी बोलणी ही त्यांची वैशिष्ट्ये एरवी केवळ लोकप्रियतेची साधने ठरली असती. त्यांनी ती हुकुमामागे उभी केली.

मार्च १९२० मध्ये कागल जहागिरीतल्या माणगावच्या परिषदेत त्यांनी अस्पृश्य समाजाला सांगितले की तुम्हाला तुमचा पुढारी मिळाला आहे, आणि तो डॉ. आंबेडकर. त्या समाजाचा कैवारी हे बिरूद स्वतःकडे ठेवणे त्यांना सहज शक्य होते, आणि सभेला आलेल्यांनी ते आनंदाने दिलेही असते.