अध्यक्षांचे घर आणि बातमीदारांची दुर्बीण

राज्यकर्त्यांच्या घरात काय शिजते हे जाणण्याची उत्सुकता पुरातन आहे. तिचा रोजचा व्यापार मांडला तो मात्र एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील स्वस्त दैनिकांनी. आणि त्या व्यापाराचा पहिला मोठा हंगाम अमेरिकेचे अध्यक्ष ग्रोव्हर क्लीव्हलंड यांच्या संसारावर साजरा झाला.

२ जून १८८६ रोजी क्लीव्हलंड यांचा विवाह व्हाइट हाऊसमध्ये झाला. वर ४९ वर्षांचे. वधू फ्रान्सिस फोल्सम २१ वर्षांची, त्यांच्या दिवंगत वकील-भागीदाराची कन्या. दांपत्य मेरीलँडमधील डीअर पार्कला विश्रांतीस गेले, तेव्हा बातमीदार दुर्बिणी घेऊन भोवतीच्या झाडीत तळ ठोकून बसले. हॉटेलातून जाणाऱ्या ताटांवरील झाकणे उचलून पाहिली गेली असे सांगतात. घरात काय शिजते, ते असे अक्षरशः पाहून झाले! त्याच वर्षी नोव्हेंबरात हार्वर्ड विद्यापीठाच्या समारंभात क्लीव्हलंड यांनी या वृत्तीवर जाहीरपणे कोरडे ओढले. परिणाम शून्य. फ्रान्सिसबाईंचे चित्र त्यांना न विचारता जाहिरातींत झळकू लागले. त्यास आळा घालणारे विधेयक १८८८ मध्ये प्रतिनिधिगृहात आले, पण संमत झाले नाही. त्याच निवडणुकीच्या वर्षी पती आपला छळ करीत नाही, असे त्या माउलीस पत्र लिहून जगाला सांगावे लागले.

याच काळात, डिसेंबर १८९० मध्ये, सॅम्युएल वॉरन व लुई ब्रँडाइस यांचा खासगीपणाच्या हक्कावरील लेख प्रसिद्ध झाला. वॉरन हे क्लीव्हलंड यांचे परराष्ट्रमंत्री बेयर्ड यांचे जावई, हा योगायोग लक्षात ठेवण्याजोगा आहे. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली खासगीपणाला मूलभूत हक्क मानले, त्या निकालातही या लेखाची चर्चा आहे.

येथवर आपली सहानुभूती त्या कुटुंबाकडे जाते. पण १८९३ चे प्रकरण पाहा. देशावर आर्थिक अरिष्ट कोसळले असता अध्यक्षांच्या तोंडात कर्करोगाची गाठ आढळली. १ जुलै रोजी मित्राच्या ‘ओनायडा’ नौकेवर गुप्तपणे शस्त्रक्रिया होऊन वरच्या जबड्याचा भाग काढला गेला. पुढे त्या पोकळीत रबरी आधार बसविण्यात आला. जनतेला सांगितले गेले ते दातदुखीचे. २९ ऑगस्टला ‘फिलाडेल्फिया प्रेस’मध्ये एडवर्ड्स या बातमीदाराने खरी हकीकत छापली. अध्यक्षांच्या निकटवर्तीयांनी ती साफ नाकारली आणि लबाडीचा ठपका एडवर्ड्सवर आला. अकराच दिवसांनी, ९ सप्टेंबरला, व्हाइट हाऊसमध्ये कन्या एस्थर जन्मली. अध्यक्षाचे अपत्य त्या वास्तूत जन्मल्याचा हा एकमेव प्रसंग, तेव्हा वाचकांना नवा गोड विषय लाभला.

ताटातील पदार्थांवर राष्ट्राचा कसला हक्क? परंतु अरिष्टाच्या वेळी राष्ट्रप्रमुख जगतो की मरतो, ही बाब केवळ त्याच्या कुटुंबाची म्हणता येईल, असे मला वाटत नाही. झाडीत दुर्बीण लावून बसणाऱ्यांची उपजीविका निर्वेध चालली; कामाची बातमी आणणारा तेवढा खोटा ठरला.

क्लीव्हलंड १९०८ साली निवर्तले. पुढे १९१७ मध्ये शस्त्रक्रियेस हजर असलेले डॉ. कीन यांनी सर्व वृत्तांत स्वतःच प्रसिद्ध केला आणि चोवीस वर्षांनंतर एडवर्ड्सची बातमी खरी असल्याचे उघड झाले.