१०२४ सिलिंडरच्या पलीकडे

नव्वदच्या दशकात पीसीवर लिनक्स टाकणाऱ्यांना एक नियम पाठ असायचा. डिस्कच्या अगदी सुरुवातीला छोटंसं 'बूट' पार्टिशन करायचं आणि कर्नल त्यातच ठेवायचा. कारण १०२४ सिलिंडरच्या पुढचं लिलोला दिसत नाही! (सिलिंडर म्हणजे गॅसचा नव्हे, डिस्कच्या सगळ्या तबकड्यांवरचे, मध्यापासून सारख्याच अंतरावरचे ट्रॅक.) मी लिनक्सकडे वळलो तोवर लिलो जवळपास इतिहासजमा झाला होता, पण लोकांची ती सवय काही सुटली नव्हती. हे १०२४ आलं कुठून?

गंमत म्हणजे, एकदा उठलेल्या लिनक्सला ही अडचण नव्हतीच. त्याच्याकडे स्वतःचा डिस्क ड्रायव्हर असतो. पण उठण्याआधी कर्नल डिस्कवरच झोपलेला असतो. त्याला मेमरीत आणणाऱ्या बूट लोडरला पहिल्या सेक्टरमध्ये जागा मिळते जेमतेम ४४६ बाइट. तेवढ्यात ड्रायव्हर कुठला बसणार? म्हणून तो बायॉसला विनंती करतो: इंटरप्ट १३, मला अमुक सेक्टर दे.

हार्ड डिस्कसाठी ही विनंती ठरली ती १९८३ च्या आयबीएम पीसी एक्सटीच्या काळात. डिस्क होती १० एमबीची. पत्त्यात सिलिंडरला १० बिट, हेडला ८ आणि सेक्टरला ६. म्हणजे १०२४ सिलिंडर, २५६ हेड, ६३ सेक्टर (सेक्टर १ पासून मोजतात, म्हणून एक कमी). प्रत्येकी ५१२ बाइट धरले की ८.४ जीबी. १० एमबीच्या जमान्यात ८.४ जीबीची सोय! आयबीएमला नावं ठेवायला माझी तरी जीभ रेटत नाही.

खरा घोळ झाला तो एटीएमुळे. डिस्क जोडायच्या या पद्धतीत सिलिंडरला १६ बिट, हेडला ४, सेक्टरला ८. हीसुद्धा ऐसपैस, १३७ जीबीपर्यंत जाणारी. पण दोन्ही एकत्र आल्या की प्रत्येक आकड्यात जो लहान तोच चालणार: १०२४ गुणिले १६ गुणिले ६३. हाती उरले फक्त ५२८ एमबी! दोन प्रशस्त खोल्या आणि मधे खिडकीएवढं दार.

यावर उपाय काय काढला, तर बायॉसने खोटं बोलायचं. डिस्कला १६ नव्हे, २५५ हेड आहेत असं सांगायचं आणि आतल्या आत पत्ता बदलून द्यायचा. २५५ हेड म्हणजे १२८ तबकड्या. प्रत्यक्षात डिस्कमध्ये असायच्या दोन-तीन. पण खोटं खपलं आणि गाडी ८.४ जीबीपर्यंत गेली. पुढे तीही भिंत लागली. १९९६ च्या विंडोज एनटी ४ लाही बूट व्हायला लागणाऱ्या फायली या हद्दीतच ठेवाव्या लागत.

मग सिलिंडर-हेडची भानगड सोडून सेक्टरला सरळ क्रमांक देणारा वाढीव इंटरप्ट १३ आला. लिलो तो वापरायला शिकला २००० साली. पण जुने बायॉस घरोघरी होतेच, आणि यातला सगळ्यात वाईट प्रकार मला हा वाटतो: मशीन महिनोन्‌महिने नीट चालायचं. एक दिवस कर्नल अपग्रेड केला, नवी फाइल नेमकी हद्दीपलीकडे पडली, की रीबूटनंतर ग्रबचा 'एरर १८'. डिस्क धडधाकट, डेटा जागच्या जागी, आणि मशीन उठायला तयार नाही. काल चाललेलं आज का बिघडलं, हे कुणाला कसं सुचणार?

१३७ जीबीला २८ बिट संपले, तेव्हा प्रकरण बूटपुरतं राहिलं नाही. ४८ बिटचा पत्ता न कळणारी सिस्टिम हद्दीपुढे लिहायला गेली, की पत्ता पुन्हा शून्यावरून सुरू होऊन डिस्कच्या सुरुवातीचाच डेटा पुसला जाऊ शकायचा. ४८ बिट आले २००२ मध्ये.

तरी एक गोष्ट १९८३ चीच राहिली होती: पहिल्या सेक्टरमधला पार्टिशन टेबल, अर्थात एमबीआर. त्यात सेक्टरचा क्रमांक ३२ बिटांचा, म्हणजे २.२ टीबी. २०१० मध्ये ३ टीबीच्या डिस्क बाजारात आल्या आणि तोही पुरेना. जीपीटी ६४ बिटांचा होता, पण त्यावरून विंडोज बूट करायला बायॉसऐवजी यूईएफआय लागतं. लिनक्सचा ग्रब २ मात्र जुन्या बायॉसवरूनही ते जमवतो.

आणि जीपीटी डिस्कच्या पहिल्या सेक्टरमध्ये आजही काय असतं? एक नकली एमबीआर. जुन्या एखाद्या टूलने डिस्क रिकामी समजून त्यावर लिहू नये, म्हणून पूर्ण डिस्क व्यापल्याचं भासवणारं एकच पार्टिशन त्यात दाखवलेलं असतं.