पोर्टिंगची कुळकथा

बोर वाढवायचा म्हटलं तर लेथवाला अर्ध्या दिवसात काम करून देतो. गाडी अडते ती हेडपाशी. पिस्टन कितीही मोठा बसवा, त्याच्या वाट्याला जेवढी हवा येईल तेवढंच पेट्रोल नीट जळणार, आणि हवेची वाट हेडमधल्या पोर्टातून जाते. ती वाट कोरून, घासून सुधारायची म्हणजे पोर्टिंग. या विद्येचं मूळ शोधत गेलं की आपण चक्क गॅसच्या मीटरपाशी पोचतो.

हॅरी वेस्लेकचा जन्म 1897 सालचा, इंग्लंडमधल्या एक्सेटरचा. वडील गॅस मीटर बनवणाऱ्या कंपनीत संचालक, म्हणजे नळीतून वायू किती गेला हे मोजणं हा घरचाच धंदा. पोराने आधी स्वतःचा कार्ब्युरेटर काढला, मग तो हेडकडे वळला. इंजिन चालू न करताच पोर्टातून हवा सोडायची आणि ती किती जाते ते मोजायचं, ही त्याची रीत.

पोर्ट जेवढं रुंद तेवढं चांगलं आणि चकचकीत असेल तर सोन्याहून पिवळं, ही समजूत जुनी. (चकचकीचा सोस आपल्या गॅरेजांतून अजून गेलेला नाही. कार्ब्युरेटरच्या गाडीत इनटेकला फार गुळगुळीत पॉलिश केलं तर पेट्रोलचे थेंब भिंतीला धरून वाहतात, हे कोण कोणाला सांगणार!) हवा मोजली जाऊ लागली तसं कळलं की पुष्कळदा अडचण रुंदीची नसून वळणाची असते. घाटात भरधाव एसटी बाहेरच्या अंगाला जाते, तशीच हवा व्हॉल्वकडे वळताना आतल्या कोपऱ्याची भिंत सोडून देते, आणि व्हॉल्वची ती बाजू जवळजवळ वाया जाते.

या मोजमापाची किंमत विल्यम लायन्सने ओळखली. त्याच्या एसएस गाड्यांत स्टँडर्ड कंपनीचं साइड-व्हॉल्व इंजिन होतं. वेस्लेकने त्याला ओव्हरहेड व्हॉल्वचं हेड आखून दिलं. सीसी तेवढेच, पण सत्तरेक हॉर्सपॉवरचं इंजिन शंभरीच्या पुढे गेलं. 1935 ची एसएस जॅग्वार ती हीच. पुढे ट्रायम्फच्या 650 सीसी ट्विनसाठी वेस्लेकचं आठ व्हॉल्वचं हेड रिकमन बंधूंनी किट म्हणून विकलं. सोबत मोठे बॅरल असत, त्यामुळे इंजिन 700 सीसीच्या घरात जाई. मला यातली खरी अक्कल ही वाटते, की बॅरल आणि हेड त्यांनी एकाच खोक्यात दिले.

न्यूझीलंडच्या बर्ट मन्रोचं मात्र सगळंच न्यारं. 1920 ची 600 सीसीची इंडियन स्काउट घेऊन हा गडी आयुष्यभर शेडमध्ये खपला. पिस्टन स्वतः ओतले, साइड-व्हॉल्वचं इंजिन स्वतःच ओव्हरहेड केलं, सीसी साडेनऊशेच्या आसपास नेले. 1967 मध्ये, वयाच्या 68 व्या वर्षी, बॉनव्हिलच्या मिठागरावर तीच गाडी ताशी सुमारे 295 किलोमीटरने पळाली. नवी असताना ती नव्वदच्या पुढे जात नव्हती.

मोठ्या बोरवर जुनंच हेड ठेवलं तर काय होतं, ते बुलेटच्या आकड्यांवरून बघा. 350 चा बोर 70 मिलिमीटर, 500 चा 84. स्ट्रोक दोन्हींचा 90. बोर 14 मिलिमीटरनेच वाढला, पण पिस्टनचं क्षेत्रफळ 44 टक्क्यांनी. कॉम्प्रेशन 7 धरलं तर 346 सीसीला चेंबर 58 सीसीचा लागतो. तोच चेंबर 499 सीसीवर ठेवला तर कॉम्प्रेशन साडेनऊच्या पुढे जातं, आणि चढावर इंजिन खडखडायला लागतं. कॉम्प्रेशन 7 वरच ठेवायचं तर चेंबर 83 सीसीचा हवा.

चेंबर मोजणारे लोक हेड उलटं ठेवतात, व्हॉल्व बसवून प्लग घट्ट करतात, कडेला ग्रीस लावून वर भोक पाडलेली ॲक्रिलिकची पट्टी दाबतात आणि ब्युरेटने रॉकेल सोडतात. पट्टीखालचा शेवटचा बुडबुडा निघून गेला की ब्युरेट वाचायची. कार्बाइडचा बर हातात येतो तो यानंतर.

ॲल्युमिनियम कोरायला लोण्यासारखं मऊ, पण एकदा जास्त गेलं की आर्गन वेल्डिंगवाल्याचे पाय धरावे लागतात. म्हणून जाणते कारागीर आधी पोर्टाच्या तळाला प्लास्टिसिन लिंपून आकार बदलून बघतात आणि पुन्हा हवा मोजतात. कधीकधी पोर्ट लहान केल्यावर हवा वाढलेली दिसते.