गाडीखाली ऑइलचा डाग दिसतोय? घाटात जाण्याआधी हे तपासा

ओतूरवरून माळशेजला किंवा मंचर-घोडेगावमार्गे भीमाशंकरला कारने निघायचं असेल, तर मी आदल्या रात्री इंजिनखाली पुठ्ठा टाकून ठेवतो. पुढे घाटात गॅरेज सहज सापडत नाही, म्हणून लीकेज घरीच कळलेलं बरं.

डाग कशाचा? स्वच्छ पाणी असेल तर ते एसीचं, काळजी नको. हिरवा किंवा गुलाबी डाग बहुतेक कूलंटचा. तपकिरी-काळा आणि बोटाला बुळबुळीत लागणारा डाग इंजिन ऑइलचा.

गळतंय कुठून? इंजिन थंड झाल्यावर बॉनेट उघडा आणि मोबाईलच्या टॉर्चने बघा. ऑइल वरून खाली ओघळतं, त्यामुळे सगळ्यात वरचा ओला भाग शोधा. वरच्या कव्हरचं गॅस्केट, ऑइल फिल्टर, ड्रेन बोल्ट आणि दगड लागलेलं चेंबर या नेहमीच्या जागा. फोटो काढून मेकॅनिकला दाखवा. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरू नका.

लेव्हल किती? गाडी सपाट जागी लावा, इंजिन बंद करून १० मिनिटं थांबा, डिपस्टिक पुसून पुन्हा घालून बघा. कमी असेल तर मॅन्युअलमधल्या ग्रेडचं ऑइल थोडं थोडं घाला, वरच्या खुणेपलीकडे नको. पण टॉप-अप म्हणजे दुरुस्ती नव्हे. थेंब वाढत असतील किंवा जळका वास येत असेल, तर आधी गॅरेज, मग घाट.

चालत्या गाडीत ऑइलचा लाल दिवा लागला, तर 'पुढच्या गावापर्यंत जाऊ' म्हणू नका. गाडी सुरक्षित जागी बाजूला घेऊन लगेच इंजिन बंद करा आणि टोइंग बोलवा. ऑइलचं प्रेशर नसेल तर आतले पार्ट कोरडेच घासतात आणि काही मिनिटांत इंजिन जॅम होऊ शकतं.