काळं नेमकं काय?

2021 च्या मे महिन्यात आत्याचा संगमनेरहून फोन आला. उन्हाळ कांद्याचं अख्खं पोतं तिनं ओट्यावर काढून ठेवलं होतं. "सालीवर काळं काळं आहे रे. हीच ना ती काळी बुरशी? टाकून देऊ का सगळं?" कांद्यावरच्या काळ्या भुकटीपासून आणि फ्रिजच्या रबरावरच्या डागांपासून सावध करणारा मजकूर तेव्हा मोबाइलवरून घरोघर फिरत होता. तिच्या गल्लीतला एक तरणा माणूस करोनातून वाचला आणि पाठोपाठ एक डोळा गमावून घरी आला होता. तिची भीती खरी होती. मी म्हटलं, साल काढ, कांदा धू, खराब पापुद्रा फेकून दे आणि बाकीचा खुशाल वापर. फोन ठेवला, पण तिचं 'हीच ना ती' डोक्यातून जाईना.

त्या वर्षीच्या आजाराचं नाव म्युकरमायकोसिस. हे नाव उलगडून पाहिलं की थांबायला होतं. 'म्युकर' हा लॅटिन शब्द, अर्थ बुरशी किंवा बुरसटपणा. 'मायकोसिस'मधला 'मायकेस' हा ग्रीक शब्द, अर्थ अळंबी, बुरशी. म्हणजे अख्खं नाव 'बुरशीचा बुरशीरोग' एवढंच सांगतं. काळ्याचा त्यात मागमूस नाही. तो रंग आपण वरून चढवला, आणि तो आला रोग्याच्या चेहऱ्यावरून. ही बुरशी रक्तवाहिन्यांत शिरते, त्या तुंबवते, पुढच्या भागाला रक्त मिळत नाही, आणि टाळू, नाक, डोळ्याभोवतीचं मांस मरून काळं पडतं. काळं होतं ते माणसाचं मेलेलं मांस. सूक्ष्मदर्शकाखाली त्या बुरशीचे तंतू रुंद आणि रंगहीन दिसतात.

तरी 'काळी' अगदीच हवेतून आली असं म्हणवत नाही. पावसाळ्यात विसरलेला पावाचा तुकडा आठवा. आधी त्यावर पिंजलेल्या कापसासारखं पांढरं येतं, मग त्या कापसावर टाचणीच्या डोक्याएवढे काळपट ठिपके उभे राहतात. ही त्याच कुळातली रायझोपस. ठिपके म्हणजे तिच्या बीजाणूंच्या पिशव्या. पण रंग तेवढाच, पिशवीपुरता. आत्याच्या कांद्यावरची ॲस्परजिलस नायजर तर नावातच काळी, कारण लॅटिनमध्ये 'नायजर' म्हणजे काळा. तिचाही काळेपणा बीजाणूंच्या भुकटीत. बोटाला लागते ती भुकटी. खालचे तंतू बिनरंगाचे, म्हणून वैद्यकातल्या गडद बुरश्यांच्या यादीत तिला जागा नाही.

मग खरोखर काळ्या बुरश्या कुठल्या? ज्यांच्या तंतूंच्या भिंतीतच मेलॅनिन मुरलेलं असतं त्या. आपल्या केसांना आणि कातडीला रंग देणारं जे द्रव्य, त्याच्याच जातीचं हे. उन्हापासून ते बुरशीला जपतं, आणि शरीरात शिरल्यावर आपल्या पांढऱ्या पेशी तिच्यावर जो मारा करतात तोही झेलतं. काळेपणा इथं शोभेचा नाही, चिलखताचा आहे. आणि नेमक्या यांच्यातल्या बहुतेकांच्या नावांत काळा शब्द सापडत नाही!

इंग्रजी पुस्तकांत यांना 'डिमॅशिएशियस' म्हणायचा प्रघात आहे. ऐकणाऱ्याला वाटतं, याचा अर्थ गडद असणार. पण या शब्दाच्या मुळाशी असलेल्या ग्रीक शब्दाचा अर्थ आहे जुडी, पेंढी. डिमॅशियम नावाच्या एका बुरशीवरून तो सगळ्या गडद बुरश्यांना चिकटला, आणि पेंढीचा अर्थ गळून काळ्याचा अर्थ आपोआप भरला गेला. 1994 साली पापाजियानिस आणि अजेल्लो या दोन कवकतज्ज्ञांनी हा शब्द चुकीचा तर नाही ना, असा रोखठोक प्रश्न घातला. यातल्या अजेल्लोंनी 1974 मध्ये सहकाऱ्यांसह या बुरश्यांच्या रोगांसाठी 'फेओहायफोमायकोसिस' हे नाव घडवलं होतं. जिभेला अवघड, पण अर्थाला चोख: 'फायोस' म्हणजे धुरकट, सावळा, 'हायफा'च्या मुळाशी वीण, विणलेलं कापड, आणि मग बुरशी. सूक्ष्मदर्शकात दिसतं तेही हेच, तपकिरी धाग्यांची विस्कटलेली वीण. ज्यानं हे नाव घडवलं त्यानं आधी नीट पाहिलं होतं. मला हे नाव त्यासाठी आवडतं.

याच कुळातल्या एका बुरशीची गोष्ट आपल्या मुंबईतून जाते. सावकाश सुजणारा, भोकं पडणारा, त्यांतून दाणे बाहेर टाकणारा पाय मदुराईच्या दवाखान्यात 1842 मध्ये नोंदला गेला आणि 'मदुरा फूट' झाला. 1860 च्या सुमारास मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शरीररचना शिकवणाऱ्या हेन्री व्हॅनडाइक कार्टर यांनी, हा रोग बुरशीचा आहे असं मांडून, त्याला 'मायसिटोमा' म्हटलं: बुरशीची गाठ. 'ग्रेज ॲनाटॉमी'मधली चित्रं काढणारे ते हेच. पुढे ते साताऱ्यात सिव्हिल सर्जन होते, आणि 1874 मध्ये या रोगावरचं त्यांचं पुस्तक आलं. गाठ चिरली की मोहरीएवढे काळे, टणक दाणे निघतात. पांढऱ्या आणि लाल दाण्यांचे प्रकारही आहेत, त्यांतले काही जिवाणूंमुळे होतात. पण काळ्या दाण्यामागे बहुतेक वेळा असते ती मॅड्युरेला, मदुराईचं नाव कायमचं घेतलेली. अनवाणी पायात काटा मोडतो, त्यासोबत माती जाते आणि वर्षानुवर्षं आत हे चालू राहतं. जागतिक आरोग्य संघटनेनं मायसिटोमाला दुर्लक्षित रोगांच्या यादीत घेतलं ते 2016 मध्ये. कार्टर यांच्यानंतर दीडशे वर्षांनी. अनवाणी माणसाच्या रोगाला एवढी वाट पाहावी लागली, याचं वाईट वाटतं.

सुश्रुतसंहितेत क्षुद्ररोगांमध्ये 'वल्मीक' येतो: हातापायांवर, मानेवर सावकाश वाढणारी, अनेक तोंडांची, वारुळासारखी गाठ. मायसिटोमा झालेला पाय एकदा पाहिला की या शब्दापुढे दुसरा शब्द सुचत नाही.

2012 मध्ये अमेरिकेत पाठदुखीसाठी दिलेल्या दूषित स्टेरॉइडच्या इंजेक्शनांतून एक्सेरोहायलम ही गडद बुरशी शेकडो लोकांच्या मणक्यापर्यंत आणि मेंदूच्या आवरणापर्यंत पोचली. साठाहून जास्त माणसं गेली. एरवी ती गवतावर, पिकांच्या पानांवर राहणारी. ती खरी काळी बुरशी होती.

आता आपल्याकडे पाहा. शेतकऱ्याला एका 'बुरशी'त भागत नाही. द्राक्षावर भुरी, गव्हावर तांबेरा, बाजरीवर केवडा, ज्वारीच्या कणसात काणी, उसाला चाबूक काणी. प्रत्येक शब्द डोळ्यांनी पाहून ठेवलेला. माणसाच्या कातडीवरही नायटा, गजकर्ण, शिबं असे वेगवेगळे शब्द. आणि रोग कातडीच्या आत उतरला की आपण एकदम 'बुरशी'वर येतो, फार तर 'कवक' म्हणतो. कवक मनुस्मृतीत निषिद्ध खाण्याच्या यादीत आहे, लसूण-कांद्याच्या पंगतीत. तिथं त्याचा अर्थ अळंबी. पाठ्यपुस्तकांनी तो सगळ्या कुळाला दिला, पण घरात तो कुणी बोलत नाही.

या गडद बुरश्यांना मराठीत काय म्हणावं? 'फायोस'ला खरा जुळतो तो 'सावळा'. पण सावळा आपण विठोबाला देऊन बसलो आहोत, तो रोगाला द्यायला हात धजत नाही. मग मनात 'काजळी' आली. आंब्यावर तुडतुडे पडले की त्यांच्या गोड चिकट्यावर काळी बुरशी पसरते, पानं धूर बसल्यासारखी होतात, तिला काजळीच म्हणतात. म्हणून यांना 'काजळबुरशी' म्हणून पाहिलं.

परवा आत्याला हा शब्द सांगितला. तिच्या परसात आंबा आहे. तिनं जरा विचार केला आणि विचारलं, "आंब्याची काजळी ओल्या फडक्यानं पुसली की निघते. ही निघते का?"

नाही निघत. कापून काढावी लागते, आणि त्यावर महिनोन्महिने गोळ्या. तेव्हा शब्द अजून शोधतोय.